टक्का घसरला, पण विकलं कुणी?

पत्राचा सारांश: वाचक ४६ वर्षांच्या आहेत, औषध कंपनीत नोकरी करतात आणि तीन वर्षांपासून स्वतःच्या निर्णयाने शेअर घेतात. एका रसायन कंपनीचे ६०० शेअर त्यांनी दीड वर्षापूर्वी सरासरी ३९० रुपयांना घेतले. भाव ५१८ पर्यंत गेला आणि आता ४२५ वर आला आहे. जूनअखेरच्या भागधारणेत परदेशी संस्थांचा वाटा ११.८ टक्क्यांवरून ९.६ वर आणि प्रवर्तकांचा ५४ वरून ४८.२१ वर आला. म्युच्युअल फंडांचा मात्र ६.१ वरून १३.४ टक्क्यांवर गेला. १.०४ टक्के हिस्सा असलेला एक परदेशी फंड यादीतून गायब झाला आणि त्यांच्या ॲपने त्याच्यापुढे ‘बाहेर पडला’ असा लाल शिक्का मारला. धाकटे दीर म्हणतात, “वहिनी, मोठे निघाले, आपण कशाला थांबायचं?” त्यातच एक टेलिग्राम गट दरमहा वर्गणी घेऊन ‘आज संस्था काय घेतायत’ ते कळवायला तयार आहे. शेअर विकावेत का, आणि मोठ्यांच्या हालचाली यापुढे वेळेत कशा ओळखाव्यात, हे त्यांना जाणून घ्यायचं आहे. (कंपनीचं नाव आम्ही गाळलं आहे.)

नमस्कार,

दोन्ही तिमाहींचे तक्ते पत्रासोबत पाठवलेत, हे फार बरं केलंत. त्यात एक आकडा आहे, ज्याकडे ना दिरांचं लक्ष गेलं ना ॲपचं. तो म्हणजे कंपनीचे एकूण शेअर. मार्चअखेर ते १० कोटी होते, जूनअखेर ११.२० कोटी आहेत. मधल्या काळात कंपनीने क्यूआयपी केला, म्हणजे संस्थांना थेट नवे शेअर विकून पैसे उभारले. तुमच्याच कागदांनुसार १.२० कोटी शेअर, ४८० रुपयांना. छेद बदलला की सगळ्यांचे टक्के बदलतात, कुणी एकही शेअर विकला नाही तरीही.

आता टक्के बाजूला ठेवू आणि शेअर मोजू. प्रवर्तकांकडे मार्चमध्ये ५.४० कोटी शेअर होते, जूनमध्येही ५.४० कोटीच आहेत. ५४ चे ४८.२१ झाले ते केवळ भागाकाराने. परदेशी संस्थांकडे १.१८ कोटी होते. त्यांनी काहीच केलं नसतं तरी त्यांचा वाटा १०.५४ टक्क्यांवर आला असता. तो ९.६ वर आला, म्हणजे त्यांच्याकडे आज साधारण १.०७५ कोटी शेअर आहेत आणि प्रत्यक्षात विकले गेले सुमारे साडेदहा लाख. तुम्हाला वाटलं २.२ टक्के विकले, म्हणजे २२ लाख. खरा आकडा त्याच्या निम्म्याहून कमी आहे.

दिलासा देणाऱ्या बाजूचंही तसंच. म्युच्युअल फंडांकडे ६१ लाख शेअर होते, आता सुमारे दीड कोटी आहेत. वाढ ८९ लाखांची. पण वाटपाच्या यादीप्रमाणे त्यातले ८० लाख त्यांना क्यूआयपीत मिळाले. बाजारातून घेतले जेमतेम नऊ लाख. तेव्हा ‘परदेशी पळाले, देशी फंडांनी झोळी भरली’ ही गोष्ट दोन्ही बाजूंनी फुगलेली आहे. खरं चित्र बरंच सपक आहे: परदेशी संस्थांनी दहाएक लाख विकले आणि जवळपास तेवढेच देशी फंडांनी उचलले.

म्हणून पहिली सवय ही लावा. टक्क्यांचा रकाना झाकायचा आणि शेअरसंख्येचा रकाना मागच्या तिमाहीशी ताडून पाहायचा. क्यूआयपी, प्राधान्य वाटप, विलीनीकरण, कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर यांनी छेद वाढतो. कंपनीने स्वतःचे शेअर परत विकत घेतले तर तो कमी होतो आणि न विकणाऱ्या प्रत्येकाचा टक्का आपोआप चढतो. त्या तिमाहीत ‘संस्थांनी वाटा वाढवला’ अशा बातम्या हमखास येतात. बोनस आणि विभाजनाचं उलट: टक्के तसेच राहतात, शेअरसंख्या मात्र पटीत उडी घेते. अशा तिमाहीत आधीची संख्या त्याच पटीने वाढवूनच तुलना करायची.

आता तो गायब झालेला फंड. भागधारणेच्या तक्त्यात सार्वजनिक भागधारकांपैकी एक टक्का किंवा त्याहून अधिक हिस्सा असणाऱ्यांचीच नावं छापली जातात. या फंडाकडे १० कोटींपैकी १.०४ टक्के, म्हणजे १० लाख ४० हजार शेअर होते. तेवढेच शेअर ११.२० कोटींत मोजले तर ०.९३ टक्के भरतात. म्हणजे एकही शेअर न विकता त्याचं नाव यादीतून पडलं असतं. ॲपला हे कळत नाही. नाव दिसलं नाही की ते शिक्का मारतं.

तरी इथे थोडं थांबायला हवं, कारण परदेशी संस्थांची एकूण विक्री साडेदहा लाखांची आणि या फंडाकडचे शेअर १० लाख ४० हजार. आकडे इतके जवळ आहेत की तो खरोखर पूर्ण बाहेर पडला असण्याचीही शक्यता आहे. कसं तपासायचं? त्याच तक्त्यात प्रत्येक गटापुढे भागधारकांची संख्या असते. परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदारांच्या दोन वर्गांपुढची संख्या मार्च आणि जूनची ताडून पाहा. ती एकाने घटली असेल तर संशय बळावतो. मात्र एक बाहेर गेला आणि दुसरा आत आला तर बेरीज तीच राहते, म्हणून हा पुरावा कच्चाच. पक्कं उत्तर कधीकधी वार्षिक अहवालात मिळतं, कारण काही कंपन्या त्यात पहिल्या दहा भागधारकांची यादी देतात. पण ती ३१ मार्चची असते. थोडक्यात, आजच्या घडीला हे ठामपणे ठरवता येणार नाही. आणि तो शिक्का मारणाऱ्या ॲपलाही ते ठरवता आलेलं नाही.

समजा, तो गेलाच. तरी तुमच्या दिरांच्या वाक्यात एक गृहीतक दडलेलं आहे: मोठे निघाले, म्हणजे त्यांना काहीतरी कळलं. विकणाऱ्याची कारणं बहुतेकदा कंपनीत नसतातच. फंडात ज्यांनी पैसे ठेवले त्यांनीच परत मागितले, म्हणून विकतात. निर्देशांकातलं वजन बदललं, म्हणून विकतात. निर्देशांक फंडाला तर मत नावाची गोष्टच नसते. फंडाची मुदत संपत आली, म्हणून विकतात. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोने आयटीसीतला सुमारे साडेतीन टक्के हिस्सा बाजारात विकला. एवढी मोठी विक्री, आणि कारण काय? त्या पैशातून त्यांना स्वतःचे शेअर परत घ्यायचे होते. आयटीसीच्या सिगारेटी खपेनाशा झाल्या, असा अर्थ त्यातून काढणाऱ्याचा तर्क पहिल्याच पायरीवर घसरला असता. नव्याने नोंदणी झालेल्या कंपन्यांत आणखी एक साधं कारण असतं. अँकर गुंतवणूकदारांचे, म्हणजे आयपीओ सर्वांसाठी खुला होण्याआधीच मोठा हिस्सा घेणाऱ्या संस्थांचे, निम्मे शेअर वाटपानंतर ३० दिवस आणि उरलेले ९० दिवस विकता येत नाहीत, त्यामुळे ती मुदत संपली की पुरवठा वाढतो.

खरेदीलाही हेच लागू आहे, आणि इथे सगळ्यात जास्त फसगत होते. एफ अँड ओ मध्ये (म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्स या पुढच्या तारखेच्या सौद्यांच्या बाजारात) असलेल्या शेअरमध्ये म्युच्युअल फंडांचा वाटा वाढलेला दिसला, तर आधी आर्बिट्राज योजना वगळा. त्या योजना रोख बाजारात शेअर घेतात आणि तितकेच फ्युचर्स विकतात. भाव चढो वा पडो, त्यांना मधल्या फरकाशी मतलब. पण भागधारणेच्या तक्त्यात हे शेअर ‘म्युच्युअल फंड’ याच ओळीत जमा होतात. तुमचा शेअर एफ अँड ओ मध्ये नाही, तेव्हा ही भानगड तुमच्यापुरती नाही. पण इतर वाचकांनी एखाद्या मोठ्या बँकेच्या शेअरवर हाच हिशेब करण्यापूर्वी ती ओळ जरूर तपासावी.

‘एफआयआय’, म्हणजे परदेशी संस्थात्मक गुंतवणूकदार, ही तर एक व्यक्ती असल्यासारखंच आपण बोलतो. ते नाव २०१४ च्या नियमांनी कागदोपत्री गेलं, त्या जागी एफपीआय, म्हणजे परदेशी पोर्टफोलिओ गुंतवणूकदार, आले. बोलण्यात जुनंच राहिलं. या एका ओळीत निवृत्तिवेतन निधी, सरकारी संपत्ती निधी, निर्देशांक फंड, हेज फंड असे एकमेकांशी काही देणंघेणं नसलेले लोक एकत्र बसतात. एकाने पाच वर्षांचा विचार करून घेतलेले शेअर दुसरा पाच आठवड्यांच्या सौद्यासाठी विकत असतो, आणि आपल्याला दिसते ती फक्त वजाबाकी.

वेळेचा प्रश्नही आहेच. भागधारणा तिमाही संपल्यावर २१ दिवसांत जाहीर करायची असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकलेला शेअर तुम्हाला जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दिसतो. साडेतीन महिने! ज्या विक्रीला घाबरून तुम्ही विकायचा विचार करताय, तिचा परिणाम भावात कधीच उतरून गेलेला असू शकतो. शेअर ५१८ वरून ४२५ वर आला, त्यात ती विक्री जमेला धरलेली असण्याचीच शक्यता जास्त.

मग वेळेत काय कळू शकतं? जेवढं कळतं तेवढं सगळं फुकट आहे, हे आधी सांगते, म्हणजे टेलिग्रामची वर्गणी तुमच्या पर्समध्येच राहील.

सगळ्यात उपयोगी आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे म्युच्युअल फंडांचे मासिक तपशील. प्रत्येक फंड घराण्याला महिना संपल्यावर दहा दिवसांत आपल्या प्रत्येक योजनेतले शेअर संकेतस्थळावर जाहीर करावे लागतात. एक्सेल फाइल असते. तिच्यात कंपनीच्या नावाने शोधू नका, कारण नावं वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेली असतात. प्रत्येक शेअरला असणाऱ्या बारा अक्षरी आयएसआयएन या ओळख क्रमांकाने शोधा. त्यापुढचे शेअर लिहून घ्या, बाजारमूल्य नाही, कारण मूल्य भावाबरोबर हलतं. एकाच घराण्याच्या सगळ्या योजनांची बेरीज करा. एका योजनेतून दुसरीत शेअर हलवले जातात, तेव्हा एकच योजना पाहिली तर विक्री झाल्यासारखी वाटते. तुमच्या कंपनीत क्यूआयपीत आलेली तीन-चार घराणी आहेत, तेवढीच पुरेत. दर महिन्याच्या १२ तारखेला अर्धा तास.

या आकड्यांकडे पाहताना शेअरसंख्येबरोबर योजनेतल्या त्या शेअरचं शेकडा वजनही पाहा. एसआयपीचा पैसा दर महिन्याला येतो, तो गुंतवायलाच लागतो, म्हणून शेअरसंख्या हळूहळू वाढते. भाव स्थिर असताना संख्या वाढली पण वजन होतं तिथेच राहिलं, तर फंड व्यवस्थापकाचं मत बदललेलं नाही. तो आलेला पैसा सगळीकडे वाटतोय, एवढंच. योजनेतल्या इतर शेअरपेक्षा याचा भाव जास्त पडत असताना त्याने वजन टिकवून धरलं, तर मात्र तो मुद्दाम घेतोय. अशा एका ओळीला मी टक्क्यांच्या सगळ्या बातम्यांपेक्षा जास्त किंमत देईन.

दुसरं, रोज संध्याकाळी शेअर बाजारांच्या संकेतस्थळांवर येणारे बल्क डील. एका ग्राहकाने एका दिवसात कंपनीच्या एकूण शेअरपैकी अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर घेतले किंवा विकले, तर नाव, संख्या आणि सरासरी भाव जाहीर होतो. तुमच्या कंपनीत ही रेषा ५ लाख ६० हजार शेअरची, म्हणजे आजच्या भावाने सुमारे २४ कोटी रुपयांची. आता पाहा, परदेशी संस्थांनी तिमाहीत साडेदहा लाख शेअर विकले. साठ सत्रांत वाटले तर दिवसाला साडेसतरा हजार. ते या यादीत कधीच दिसणार नाहीत. शहाणा विक्रेता असाच विकतो. आणि यादीत जे दिसतं त्यातलं बरंच फोलपट असतं: एकच दलाली पेढी त्याच दिवशी खरेदीतही आणि विक्रीतही, जवळपास तेवढ्याच शेअरसह. तो दिवसाचा सौदा आहे, गुंतवणूक नव्हे. दोन्ही बाजू वजा करून काय उरतं तेवढंच वाचायचं.

ब्लॉक डील वेगळे: घेणारा आणि देणारा आधी ठरवून एकाच सौद्यात करतात ते मोठे व्यवहार. त्यांच्यासाठी सकाळी ८.४५ ते ९ आणि दुपारी २.०५ ते २.२० अशा दोन खिडक्या आहेत आणि व्यवहाराची किमान रक्कम बाजार नियामक सेबीने ऑक्टोबर २०२५ च्या परिपत्रकाने १० कोटींवरून २५ कोटी केली. इथे घेणारा आणि देणारा दोघांची नावं येतात, त्यामुळे माहिती जास्त स्वच्छ असते. घेणाऱ्यांत लांब पल्ल्याची फंड घराणी असतील आणि विकणारा मुदत संपलेला खासगी इक्विटी फंड असेल, तर शेअरवरचं एक टांगतं ओझं उतरलं असंही म्हणता येतं.

याशिवाय कुणाचा हिस्सा पाच टक्क्यांपर्यंत पोचला, किंवा त्यानंतर दोन टक्क्यांहून अधिक बदलला, तर त्याला दोन कामकाजाच्या दिवसांत ते कळवावं लागतं. प्रवर्तक, संचालक आणि ठरावीक कर्मचारी यांचे तिमाहीत दहा लाखांवरचे व्यवहारही असेच जाहीर होतात. तुमच्या जागी मी असते तर परदेशी फंडांपेक्षा ही शेवटची यादी आधी उघडली असती. कारखान्याची भट्टी पेटलेली आहे की थंड, हे मॉरिशसमधल्या फंडापेक्षा संचालकाला लवकर कळतं.

राहिला रोज सायंकाळी टीव्हीवर येणारा ‘परदेशी संस्थांनी आज इतक्या कोटींची विक्री केली’ हा आकडा. तो संपूर्ण बाजाराचा आणि तात्पुरता असतो. त्यात तुमच्या कंपनीचं नाव नसतं, म्हणून तुमच्या निर्णयात त्याला जागा नाही. टेलिग्राम गट बहुधा हाच आकडा, कालचे बल्क डील आणि डिलिव्हरीचं प्रमाण यांची भेळ करून विकत असतात. डिलिव्हरीच्या आकड्यातून किती शेअर खरोखर हस्तांतरित झाले ते कळतं, कुणाकडून कुणाकडे ते नाही. तरीही एखाद्याचा सल्ला पैसे देऊन घ्यायचाच असेल, तर आधी सेबीकडचा नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या संकेतस्थळावर ताडून पाहा. संशोधन विश्लेषकाचा ‘आयएनएच’ने आणि गुंतवणूक सल्लागाराचा ‘आयएनए’ने सुरू होतो. क्रमांक मागितल्यावर गटातून काढून टाकलं, तर उत्तर मिळालं असं समजा.

आता तुमचे ६०० शेअर. आजच्या भावाने २ लाख ५५ हजार रुपये. पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की ही रक्कम तुमच्या शेअरमधल्या एकूण गुंतवणुकीच्या सुमारे २२ टक्के आहे. माझ्या मते तुमच्या अस्वस्थतेचं मूळ तिथे आहे. पाच टक्के असती तर एका फंडाच्या जाण्याने तुमची झोप उडाली नसती. म्युच्युअल फंडाच्या साध्या इक्विटी योजनेलाही एका कंपनीत दहा टक्क्यांहून जास्त पैसा ठेवता येत नाही. ज्या मोठ्यांची पावलं तुम्ही शोधताय, त्यांच्यावरचं हे बंधन उचलण्यासारखं आहे.

पर्याय तीन. सगळे विकायचे, तर त्यासाठी कारण हवं, आणि वर मोजलेल्या आकड्यांत मला ते दिसत नाही. तसंच ठेवायचं, तर पुढच्या प्रत्येक बातमीला हीच घालमेल होणार. तिसरा मला जास्त पटतो: सुमारे ३०० शेअर विकून वजन ११-१२ टक्क्यांवर आणायचं. कारण परदेशी संस्था नव्हे, तुमचं स्वतःचं गणित. शेअर वर्षाहून जुने आहेत, नफा शेअरमागे ३५ रुपये, म्हणजे ३०० शेअरवर साडेदहा हजार. शेअर आणि इक्विटी फंडांवरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. या वर्षी इतर नफा फारसा काढला नसेल तर कराची चिंताच नको.

उरलेल्या ३०० साठी लक्ष कुठे ठेवायचं? कंपनीने ५७६ कोटी रुपये उभारलेत. ते कशासाठी, हे क्यूआयपीच्या प्रस्ताव दस्तऐवजात लिहिलेलं असतं: कर्जफेड, नवा कारखाना की नुसतेच ‘सर्वसाधारण कामकाज’. शंभर कोटींवरच्या अशा उभारणीवर पतमानांकन संस्थेची देखरेख असते आणि पैसा कुठे गेला याचा तिमाही अहवाल शेअर बाजाराला सादर होतो. तो चार-पाच पानांचा असतो. वाचा. एक आकडा वहीत लिहून ठेवा: ४८०. फंडांनी त्या भावाला घेतलेत आणि आज तेही तोट्यात आहेत. म्हणून ते शहाणे ठरत नाहीत आणि मूर्खही नाही. क्यूआयपीतले शेअर वर्षभर बाजाराबाहेर विकता येत नसले तरी शेअर बाजारात केव्हाही विकता येतात, त्यामुळे ‘फंड अडकलेत, विकणार नाहीत’ यावरही विसंबू नका. मासिक फाइलमध्ये त्यांचे ८० लाख टिकतात की वितळतात, ते दिसेलच.

सप्टेंबरअखेरची भागधारणा २१ ऑक्टोबरपर्यंत येईल. या वेळी छेद बहुधा ११.२० कोटीच असेल, त्यामुळे टक्के आणि शेअर दोन्ही एकच गोष्ट सांगतील आणि तुमची तुलना प्रथमच सरळ होईल. परदेशी ओळीत १.०७५ कोटींच्या आसपास शेअर दिसले तर विक्री थांबली. ते एक कोटीच्या खाली गेले आणि सोबत फंडांच्या मासिक फाइलमधले शेअरही घटलेले असले, तर देखरेख अहवाल आणि तिमाहीचे निकाल समोर ठेवून उरलेल्या ३०० चा विचार नव्याने करा. दिरांनाही तेव्हा बोलवा, पण कॅल्क्युलेटर त्यांच्या हातात द्या.